पानकाच्या ग्लासावरचं रानडुक्कर

आमच्या घरमालकांच्या तेराव्याच्या पंगतीत राममंदिर समितीचे अध्यक्ष माझ्या शेजारी बसले होते. पायसाचा द्रोण संपवून ते म्हणाले, "माणूस विचित्र होता. एकदा सगळ्यांना फसवलं त्यानं. पण समितीनं मोठं मन केलं आणि माफ केलं." पंगतीतल्या दोघाचौघांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, असं घरी आल्यावर बायकोनं मला सांगितलं. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

म्हणून हे लिहायला बसलो आहे. मालकांनी कुणालाही फसवलं नव्हतं. फसवलं मी. त्या रामनवमीला पानकात बर्फही मीच घातला. हे एवढं लिहून सही केली असती तरी चाललं असतं, पण मग वाचणाऱ्याला वाटलं असतं की एका म्हाताऱ्यानं दुसऱ्या म्हाताऱ्याची बाजू घेतली. तो माणूस काय चीज होता, हे त्यातून कळलं नसतं. आणि खरं सांगतो, त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटल्यावर सकाळपासून माझा हात शिवशिवतो आहे. इतकी गंमत माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी आणली नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून म्हैसूरला आलो आणि चामराजपुरमला यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिलो तो राहिलोच. मालकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, पूर्वी कापड रंगवणारं आणि छापणारं. ते स्वतः रेल्वेच्या कारखान्यात होते. डब्यांवर आकडे आणि अक्षरं रंगवायची, हे त्यांचं काम. त्यांच्या घरात मराठीच बोलत, पण निम्मी कानडी. ते मला "सार" म्हणायचे. माझी मराठी त्यांना फार खणखणीत वाटे. म्हणायचे, "तुमची मराठी पुस्तकातली, आमची मराठी घरातली. दोघी सुम्ने, गुमान, एका घरात नांदू देत."

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक नवीनच उद्योग सुरू केला. घरातल्या वस्तूंवरची कंपन्यांची नावं काढून टाकायची. आधी फ्रिज. त्यावरची चकचकीत अक्षरं दोऱ्यानं करवतीसारखी कापून काढली आणि खालचा गोंद खोबरेल तेलानं पुसला. मग टीव्ही, पंखा, स्कूटर, छत्री, मिक्सर. कॅलेंडर आलं की वरची दुकानाची पट्टी कात्रीनं कापून मग ते भिंतीवर. एकदा फ्रिज बिघडला तेव्हा मेकॅनिकनं फोनवर विचारलं, कुठल्या कंपनीचा. मालक म्हणाले, आमचा. त्यानं पुन्हा विचारलं. हे पुन्हा म्हणाले, आमचाच, दुसऱ्याचा कशाला ठेवू. शेवटी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, फोन हिसकावून घेतला.

पण स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांवर आणि तांब्यांवर लग्नात देणाऱ्यांची नावं कोरलेली होती, त्यांना हात लावायचा नाही. उलट दिवाळीला ती चिंचेनं घासून उजळायची. मी एकदा हा भेद काय म्हणून विचारलं. ते म्हणाले, "हे माणसाचं नाव आहे सार. हा माझ्या लग्नाला आला, पंगतीत वाढलं. फ्रिजवाला आला होता काय?"



आता बिअरच्या ग्लासांकडे येतो.

हूटगळ्ळीला रिंग रोडच्या बाजूला एक बार बंद पडला होता आणि त्याचं सामान एका भंगारवाल्याकडे येऊन पडलं होतं. खिडकीची कडी शोधायला आम्ही दोघं स्कूटरवरून तिथं गेलो. कडी राहिली बाजूला, मालक एका प्लास्टिकच्या क्रेटपुढे उकिडवे बसले. आत कान असलेले, जाड बुडाचे, वजनदार ग्लास होते. प्रत्येकावर काळ्या रंगात दात विचकणारं रानडुक्कर आणि त्याखाली इंग्रजीत 'स्ट्राँग'. त्यांनी एक ग्लास उचलून नखानं टिचकी मारली आणि माझ्या कानाशी धरला. घंटेचा आवाज यावा तसा आवाज होता. त्यांचा चेहरा असा झाला की भंगारवाल्यानं तेवढ्यात भाव वाढवला.

या माणसानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण गल्लीत रिक्षा थांबली, तिच्यातून बिअरच्या ग्लासांचे क्रेट उतरले, आणि ते उतरवून घेणारे मालक स्वतः. पलीकडच्या घरातल्या दोन बायका तांदूळ निवडायच्या थांबल्या. वहिनी दारातच म्हणाल्या, "अय्यो, म्हातारपणी हे एक उरलं होतं म्हणा." मालकांना ऐकूच आलं नाही. ते ग्लास मोजतही नव्हते, एकेक हातात घेऊन उन्हात फिरवत होते.

दुसऱ्या दिवसापासून घरापुढच्या जगलीवर, म्हणजे ओट्यावर, त्यांचा कारखाना सुरू झाला. मला वरून सगळं दिसायचं आणि थोड्या वेळानं मी खाली उतरायचोच. पहिल्यांदा त्यांनी चिंच लावली, मग ताक, मग तुरटी. त्यांच्या आजोबांना कापडावरचा चुकलेला रंग उतरवायची विद्या होती म्हणे, आणि ती सगळी यांनी काचेवर करून पाहिली. रानडुक्कर हललं नाही. मग नखांचं पॉलिश पुसायचं औषध आणलं. त्याचा वास असा की रस्त्यानं जाणारे लोक वळून बघायचे. त्यानं डुकराचे केस गेले, बाकी डुक्कर शाबूत. वहिनींनी आपली बरीशी भांडी उचलून माझ्या बायकोकडे वरती आणून ठेवली, कारण मालकांची नजर त्यांच्या मोठ्या पातेल्यावर होती.

पातेलं शेवटी त्यांना मिळालंच. त्यात व्हिनेगर आणि पाणी घालून गरम केलं, ग्लास तळाशी फडक्यावर आडवे निजवले आणि झाकण ठेवलं. बऱ्याच वेळानं एक बाहेर काढला, दाढीचं जुनं पातं तिरकं धरलं आणि अलगद सरकवलं. डुकराची शेपटी सालासारखी वर आली. मी अक्षरशः उडी मारली. त्या वयात उडी म्हणजे किती, पण मारली. पुढचे ग्लास भराभर निघाले. पातं सरकवायचं, काळं साल निघायचं, मग मऊ फडक्यानं पुसायचं. खाली स्वच्छ, उजळ, कुणाचीही नसलेली काच. मलाही त्यांनी एक करू दिला. त्या दिवशी मी एक मिशी आणि 'स्ट्राँग'मधली तीन अक्षरं काढली आणि जेवताना बायकोला ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली.

सगळे ग्लास ओळीत मांडल्यावर मालकांनी मात्र एक उचलून डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, "फार लवकर सोडलं. इतक्या लवकर कोण नाव सोडतं?" मी म्हटलं, तुम्हाला आता यश मिळालं तरी शंका. ते हसले. ती शंका त्यांनी जरा धरून ठेवायला हवी होती.

रामनवमीचं पानक ही मालकांच्या घराण्याची सेवा होती. गुळाचं पाणी, त्यात वेलदोडा, सुंठ, मिरी आणि लिंबू. मडक्यांत गार करायचं, पिंपांत ओतायचं आणि देवळापुढे मांडव घालून येईल त्याला द्यायचं. बरोबर भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी. त्यांच्या आजोबांच्या काळात पितळी फुलपात्रं होती, मग स्टीलची आली, ती हळूहळू नाहीशी झाली आणि अलीकडे समितीनं कागदी कप आणले. त्या कपांवर एका चहाच्या कंपनीचं नाव असे. मालक ते कप वाटताना अंगठा नावावर ठेवून वाटत. सगळ्यांना वाटे की त्यांचा हात थरथरतो म्हणून ते घट्ट धरतात.

तर हे बारचे ग्लास त्यांना पानकासाठी हवे होते. हे कळल्यावर मी चकितच झालो. मग इतका आनंद झाला की विचारू नका. जाड काच, आत मधाच्या रंगाचं पानक, वर उन्हाची तिरीप. मी समितीचा सहचिटणीस होतो, कारण समितीचे कागद मराठीत आणि माझी मराठी पुस्तकातली. मालकांनी मला सांगितलं, "सार, मीटिंगमध्ये तुम्ही सांगा. बारचे ग्लास आहेत म्हणून सांगा, कसे धुतले ते सांगा. लपवायचं काही नाही. काच काही धरून ठेवत नाही."

मी मीटिंगला गेलो. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, कडक, कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणणारे. मला दिसलं की बार हा शब्द निघाला की ग्लास गेले. आणि ते ग्लास मला मालकांइतकेच हवे होते. मी म्हणालो, मालकांनी घरचे जुने काचेचे ग्लास उकळून, घासून तयार ठेवले आहेत, कागदी कपांचा कचरा वाचेल. अध्यक्षांनी एक ग्लास उजेडात धरून पाहिला आणि बरा आहे म्हणाले. घरी येऊन मी मालकांना सांगितलं की समितीनं होकार दिला. समितीला काय सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही. सगळे तयार झाले म्हणून त्यांना फार बरं वाटलं होतं. वहिनींना हाक मारून ते म्हणाले, "बघ, देवळातली माणसं तुझ्याहून शहाणी आहेत."

रामनवमीला ऊन असं होतं की मांडवाच्या कापडातून ते गाळून खाली पडत होतं. मी मागे पिंपांपाशी होतो, मालक पुढे वाटायला. मला त्यांनी बजावलं होतं, "ऐस बेडा सार, बर्फ नको. पानक मडक्यानं गार व्हायचं तेवढंच गार." कारण काही सांगितलं नव्हतं, त्यांच्या घरात तशी रीत नव्हती एवढंच. पण लोक एक ग्लास पिऊन, मान पुसून निघून जात होते. मला वाटलं, एवढे सुंदर ग्लास, आणि माणसं दुसरा मागत नाहीत. मी रिक्षा केली, बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणली, नारळ फोडायच्या दगडानं फोडली आणि दोन्ही पिंपांत घातली. मालकांची पाठ माझ्याकडे होती.

पंधरा-वीस माणसांनी तो गार ग्लास घेतला आणि रांगेत एकदम चैतन्य आलं. लोक पुन्हा वळून रांगेत उभे राहू लागले. मी स्वतःवर इतका खूश होतो की पुढे येऊन उभा राहिलो.

तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "अय्यो, माझ्यात डुक्कर आहे."

ग्लासावर गार पाण्याचं दव जमलं होतं. आणि त्या दवात, दव नसलेल्या जागेत, स्पष्ट, दात विचकून, रानडुक्कर उभं होतं. खाली 'स्ट्राँग'. शेजारच्या बाईच्या ग्लासावरही तेच. त्यापुढच्या माणसाच्या ग्लासावरही. मांडवभर लोक हातातले ग्लास फिरवून बघायला लागले आणि प्रत्येकाच्या हातात एक डुक्कर उमटत गेलं. एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, वराहमूर्ती प्रकट झाली. पण त्यांच्या नातवानं खालची अक्षरं मोठ्यानं वाचली. मग कुणीतरी ओळखलं, हा तर हूटगळ्ळीच्या त्या बारचा ग्लास. रामाच्या पानकाला बारची उष्टी भांडी, हे शब्द मांडवाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेले. काही जणांनी ग्लास तिथंच खाली ठेवले.

अध्यक्ष आले. त्यांनी मालकांना सगळ्यांसमोर विचारलं, समितीला फसवलंत का. मालकांनी हातातल्या ग्लासावरून नजर उचलली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मला अजून ती नजर दिसते. मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं की त्यांनी मला सांगितलं होतं, मी तुम्हाला सांगितलं नाही. तोंडात शब्द आलेही. मग अध्यक्षांनी मला विचारलं, "सार, तुम्हाला हे माहीत होतं?" आणि मी म्हणालो, "डुक्कर असं उमटेल, हे मला माहीत नव्हतं." हे शब्दशः खरं होतं. इतकं नीच खरं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

पानकाची सेवा त्यांच्या घराण्याकडून काढून घेतली. पुढच्या रामनवमीला पुन्हा कागदी कप आले. वहिनी मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पानक गेल्याचं मला नाही हो सार. ह्यांच्या आईनं मरताना मला एवढंच सांगितलं होतं, पानक चुकवू नको म्हणून." मी वर गेलो आणि बायकोवर उगाच चिडलो.

आणि मालक? मला वाटलं होतं, माणूस खचेल. त्यांनी जगलीवर येणं बंद केलं, एवढं खरं. पण आतून घासण्याचा आवाज यायला लागला. मग ते नवीनच काही करू लागले. दिसेल त्या काचेवर तोंडानं वाफ सोडून बघायचे. खिडकीवर, स्कूटरच्या आरशावर, डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेपरवेटवर. एकदा माझ्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून त्यावर हाः केलं आणि म्हणाले, तुमच्या बोटांचे ठसे कायमचे नाहीत, नशीबवान आहात. मला बोलायची हिंमत नव्हती, पण चष्मा परत घेताना मी त्यांना विचारलं की काय शोधताय. तेव्हा ते इतके रंगून सांगायला लागले की मी त्यांच्या समोर बसूनच राहिलो.

बारमध्ये ते ग्लास रोज कढत पाण्यात आणि सोड्याच्या खारात धुतले जात. त्यानं काच झिजते, डोळ्याला दिसत नाही इतकी. पण रंगाखालची काच झिजली नाही, नाव तिच्यावर छत्री धरून बसलं होतं. आता नाव गेलं, तरी खालची काच बाकीच्या काचेसारखी राहिली नाही. दव दोन्हीवर वेगळं बसतं. "म्हणजे सार," ते म्हणाले, "काच धरून ठेवते. मी चुकीचं बोललो होतो." हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की मला कळेना, हा माणूस हरला आहे की जिंकला आहे.

उपाय एका चष्मेवाल्याकडे सापडला. चष्म्याच्या भिंगांना चकाकी आणायला तो एक फिकट गुलाबी पूड वापरत असे. मालकांनी ती मागून आणली, टेबलफॅनची पाती काढून त्या जागी जाड लोकरी नमद्याची गादी बसवली, पूड पाण्यात कालवून गादीला लावली, आणि फिरत्या गादीवर ग्लास धरून सगळी बाहेरची काच सारखी करायला लागले. डुकराची जागाही आणि डुकराभोवतीची जागाही. एका ग्लासाला अर्धा दिवस जायचा. त्यांच्या भुवया गुलाबी झाल्या होत्या. वहिनी म्हणायच्या, लग्नातसुद्धा ह्यांनी एवढी पावडर लावली नव्हती.

सगळे ग्लास झाले तेव्हा दुसऱ्या वर्षाची थंडी पडली होती. फ्रिजच्या पाण्यानं एकेक तपासून त्यांचं समाधान होईना. सगळे एकदम, सगळ्या बाजूंनी तपासायचे होते. टी. नरसीपूरला त्यांच्या चुलत भावाचं घर, आणि तिथं नदीवर हिवाळ्यात दाट धुकं. "बन्नी सार, चला," असं म्हणून ते मला घेऊन गेले. बसच्या टपावर क्रेट ठेवू द्यायला कंडक्टर तयार नव्हता, म्हणून आम्ही ते मांडीवर घेऊन बसलो. रात्रभर ग्लास गार व्हायला गच्चीवर उघडे ठेवले आणि पहाटे पुसून, घाटावर नेऊन पायरीवर ओळीनं मांडले.

कावेरी आणि कबिनी तिथं मिळतात. पाण्यावरून धुकं पायऱ्या चढत वर आलं. आंघोळीला आलेली माणसं आमच्या ग्लासांना वळसा घालून जात होती. हा काहीतरी विधी आहे असं समजून एका बाईनं एका ग्लासात झेंडूचं फूल ठेवलं. मालकांनी तिला नमस्कार केला आणि तिची पाठ वळल्यावर फूल काढलं, कारण त्यामुळे आतून काच ओली होत होती.

आम्ही वाट बघत बसलो. तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं. मीटिंगमध्ये बार हा शब्द मी उच्चारलाच नव्हता, तुम्ही जे सांगा म्हणाला होतात ते मी गिळलं होतं. बर्फही मीच आणला. आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तरी मी गप्प राहिलो.

ते पायरीवर वाकून बसले होते. मान न वळवता म्हणाले, "ते त्या दिवशीच कळलं की."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? माझ्याकडे बघितलंत तुम्ही."

"तुमच्याकडे?" आता त्यांनी मान वळवली. "तुमच्यामागं पिंप होतं, त्याच्याकडे बघितलं मी. बर्फ तरंगत होता. म्हटलं, हां, गार झालं म्हणून आलं हे. नाहीतर आलं कुठून?" त्यांनी ओळीतला एक ग्लास सरळ केला. "अध्यक्ष बोलत होते, पण माझं ध्यान नव्हतं सार. घरी गेल्यावर ध्यानात आलं, सेवा गेली म्हणून. मग रडलो. ती रडते म्हणून मी न्हाणीघरात जाऊन रडलो."

एवढ्यात त्यांनी माझा दंड धरून खाली ओढलं.

दव बसत होतं. पहिल्या ग्लासावर बसलं, दुसऱ्यावर बसलं, ओळीच्या शेवटपर्यंत पांढरी, सारखी, अखंड साय धरली. आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत एकेक ग्लास बघत गेलो. काही नाही. काही नाही. काही नाही. शेवटून तिसऱ्यावर एक बारीक वळलेली रेघ होती. "सुळा राहिला," ते म्हणाले, आणि असे हसले की आंघोळ करणारे लोक थांबून बघायला लागले. तो ग्लास त्यांनी छातीशी धरला. मीही हसत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हे सगळं आम्ही एका डुकराच्या दातासाठी करत होतो.

म्हैसूरला आल्यावर ते स्वतः अध्यक्षांकडे गेले आणि मीही बरोबर गेलो. त्यांनी सगळं सांगितलं. ग्लास बारचे, काय काय लावलं, दव कसं बसतं, पूड कुणाकडून आणली. अध्यक्षांच्या घरच्या फ्रिजमधून गार पाणी मागून तिथंच दाखवलं. कागदी कपांनी देवळामागची मोरी तुंबत होती आणि दर रामनवमीला अध्यक्षांनाच ती साफ करून घ्यावी लागत होती, हेही असेल. ते म्हणाले, झालं ते झालं, समिती तुम्हाला माफ करते आहे, सेवा तुमची तुम्ही करा. मी खुर्चीतून उठलो. मालकांनी माझा सदरा मागून धरला आणि मला खाली बसवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "पानकाचं ठरत होतं. त्यात तुमचं कशाला घालता? ते मागाहून सावकाश सांगा."

ते मागाहून इतकं लांबलं की तेराव्याला मी मान डोलावून बसलो. आज सावकाश सांगतो आहे. माफी मागायची होती ती मी. ती अध्यक्षांनी चुकीच्या माणसाला दिली, आणि त्या माणसानं ती माझ्यासाठी सांभाळून ठेवली.

आता त्यानंतरची रामनवमी सांगतो आणि थांबतो.

त्या वर्षी बर्फ घालायचाच, असं मालकांनी ठरवलं होतं. वहिनी नको म्हणत होत्या, मी नको म्हणत होतो. पण त्यांचं म्हणणं, नाही घातला तर लोक म्हणणार भ्याला. बर्फ त्यांनी स्वतः फोडला. पहिला ग्लास अध्यक्षांना दिला. अध्यक्ष तो लगेच प्यायले नाहीत, समोर धरून उभे राहिले. त्यांच्यामागची सगळी रांगही ग्लासाकडे बघत उभी राहिली. जुनी घराणी, नवीन माणसं, मागच्या वेळी ग्लास खाली ठेवलेले लोक. दव आलं. सगळीकडून सारखं आलं आणि थेंब होऊन त्यांच्या मनगटावरून वाहायला लागलं. त्यांनी ग्लास फिरवला, पुन्हा फिरवला, मग घटाघटा प्यायले आणि रुमालानं तोंड पुसून बाजूला झाले.

मग रांग सरकली. जो तो पिण्याआधी ग्लास फिरवून बघत होता. मालकांच्या कपाळावर घाम होता. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. पुढे एक अनोळखी बाई आली, हातात भाजीची पिशवी, घाईत असलेली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं ग्लास घेतला, उभ्या उभ्या संपवला आणि परत देताना कपाळाला आठी घालून म्हणाली, "गूळ स्वल्प कम्मी झालाय." आणि निघून गेली.

मालक वाटायचं सोडून मागे माझ्याकडे पळत आले. सत्तरीपलीकडचा माणूस, ओलं धोतर, हातात रिकामा ग्लास.

"गुळाचं म्हणाली ना सार?"

"गुळाचं."

"ग्लासाचं काही?"

मी म्हटलं, काही नाही. त्यांनी मला पुन्हा एकदा विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा त्यांनी गुळाची अख्खी ढेप उचलली आणि वहिनी पुरे पुरे म्हणत असताना दोन्ही हातांनी ती पिंपात कुस्करायला लागले.